जुन्या ट्रायल्स बुलेटची गिअर-बदल यंत्रणा : बिघाड, निदान आणि दुरुस्ती

१. विषय आणि व्याप्ती

डोंगरवाटेवर चालणाऱ्या मोटारसायकलला इंजिनाच्या ताकदीइतकीच गरज असते ती नेमक्या क्षणी नेमका गिअर पडण्याची. ट्रायल्स या क्रीडाप्रकाराचा सगळा डोलाराच त्यावर उभा आहे. या स्पर्धेत वेगाला किंमत नसते. दगड, ओहोळ, चिखल आणि चढ ओलांडताना स्वाराचा पाय जमिनीला लागता कामा नये. लागला की दोषांक चढतात. माणसाच्या चालीने जाणारी गाडी चुकीच्या गिअरमध्ये राहिली तर ती बंद पडते, आणि दोन गिअरच्या मध्येच अडकली तर उतारावर मोकाट सुटते.

आपल्याकडे रस्तोरस्ती दिसणारी बुलेट मुळात याच कसोटीवर घासून निघालेली गाडी आहे. मागच्या चाकाला स्विंगआर्म बसवलेली ३५० सीसी बुलेट १९४८ साली इंग्लंडमधल्या कोलमोर कप ट्रायलमध्ये पहिल्यांदा उतरली. त्याच वर्षी इटलीत सान रेमो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत विजयी ब्रिटिश संघात दोन बुलेट होत्या. १९५२ साली जॉनी ब्रिटन याने ३५० बुलेटवर स्कॉटिश सहा दिवसांची ट्रायल जिंकली. १९५५ मध्ये बुलेट बनवणारी ब्रिटिश कंपनी आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बुलेट तयार होऊ लागली. २०१९ मध्ये कंपनीने याच वारशाची आठवण म्हणून ‘बुलेट ट्रायल्स’ नावाची गाडी बाजारात आणली. तोवर बुलेटचा जुना गिअरबॉक्स मात्र इतिहासजमा झाला होता.

या विवेचनाचा विषय तो जुना, चार गिअरचा, उजव्या पायाने चालणारा, बर्मिंगहॅमच्या अल्बिअन कंपनीच्या आराखड्यावरचा गिअरबॉक्स आहे. भारतात तो २००० नंतरही काही वर्षे बनत राहिला, म्हणून तो आजही खेडोपाडी चालू आहे. ट्रायल्सची बुलेट आणि रस्त्यावरची बुलेट यांच्या गिअरच्या गुणोत्तरांत फरक असेल. गिअर बदलण्याची यंत्रणा मूळची तीच.

विवेचनाचे ठिकाण खापर. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गावरचे, अक्कलकुवा तालुक्यातले हे बाजाराचे गाव. पश्चिमेला लगेच गुजरातची हद्द, उत्तरेला सातपुडा. अक्कलकुव्याहून देवगोई घाटाने मोलगीकडे निघाले, की पाड्यांवर जाणाऱ्या वाटांवर तीच परीक्षा रोज द्यावी लागते जी स्पर्धेतला स्वार सुट्टीच्या दिवशी देतो : पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, मध्ये नाला, लगेच चढ. इथे स्पर्धा नाही, पण यंत्रावर पडणारा ताण तोच आहे. सुटे भाग नंदुरबार किंवा सुरतेहून मागवायचे असल्यामुळे अंदाजाने भाग बदलत बसणे इथे परवडत नाही. म्हणून या लेखाचा भर भाग बदलण्यावर नसून निदानाच्या क्रमावर आहे.

२. रचना : बळाचा प्रवास

स्वाराच्या पायातले बळ गिअरच्या दात्यांपर्यंत पोहोचते ते सात ठिकाणांवरून. ही सात ठिकाणे क्रमाने मनात पक्की बसली, की निम्मे निदान झाले.

पहिले ठिकाण बाहेरची गिअर लिव्हर. दुसरे, लिव्हर जिथे शाफ्टवर बसते तो खाचांचा जोड, म्हणजे स्प्लाइन. तिसरे, बाहेरच्या झाकणाआडची रॅचेट. लिव्हर एकदा दाबली की एकच गिअर बदलावा आणि लिव्हर पुन्हा मध्यावर यावी, हे काम रॅचेटचे. रहाटाची खिट्टी एका दात्यावरून पुढच्या दात्यावर पडते तशी तिची जीभ एकेक दाता पकडत जाते. फरक इतकाच की ही दोन्ही दिशांना पकडते. तिला मध्यावर आणणारी परतीची स्प्रिंग याच ठिकाणी असते.

चौथे ठिकाण समायोजनाची पट्टी. रॅचेटने वर आणि खाली किती फिरायचे याची हद्द ही पट्टी ठरवते. ती दोन नटांनी आवळलेली असते आणि नट सैल केले की थोडी सरकवता येते. पाचवे ठिकाण ऑपरेटर, म्हणजे रॅचेटचे फिरणे गिअरपेटीच्या आत नेणारा भाग. त्याच्या खाचांत स्प्रिंगच्या जोराने बसणारा प्लंजर प्रत्येक गिअरला जागेवर धरून ठेवतो. सहावे ठिकाण फोर्क, जो फिरण्याचे रूपांतर सरकण्यात करतो. सातवे आणि शेवटचे, गिअरच्या अंगावरचे डॉग, म्हणजे एकमेकांत अडकणारे जाड दाते. गिअर ‘पडला’ असे आपण म्हणतो तेव्हा हे दाते एकमेकांत पुरते शिरलेले असतात.

बुलेटची एक मोठी सोय इथे लक्षात घ्यावी. तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे बोल्टने जोडलेली वेगळी पेटी आहे. पहिली चार ठिकाणे बाहेरचे झाकण काढले की हाती लागतात. गिअर असतात त्याच्या आत, दुसऱ्या झाकणाआड. गिअर-बदलाच्या कोणत्याही कामासाठी इंजिन उघडावे लागत नाही.

३. दोन घराण्यांतला फरक

आपल्या गॅरेजांत येणाऱ्या गाड्यांत बहुसंख्य १०० ते १२५ सीसीच्या. १९८५ च्या हिरो होंडा सीडी १०० पासून आजच्या स्प्लेंडरपर्यंत या घराण्यात गिअर बदलतो तो ड्रमने. ड्रमवर वळणदार खाचा कोरलेल्या असतात, फोर्कच्या खुंट्या त्या खाचांतून चालतात, आणि ड्रमच्या टोकाचा स्टार व त्यावर दाबून बसलेला अडणीचा हात प्रत्येक गिअरला जागा देतो. फोर्क किंवा ड्रमपर्यंत जायचे तर इंजिनाची पेटी दुभंगावी लागते.

या रचनेत समायोजनाला जवळजवळ वावच नाही. भाग चांगला असेल तर यंत्रणा चालते, झिजला असेल तर बदलावा लागतो. अशा गाड्यांवर हात बसलेला कारागीर बुलेटकडेही त्याच नजरेने पाहतो आणि ‘गिअरबॉक्स गेला’ असे सांगून मोकळा होतो. बुलेटच्या यंत्रणेचे वैशिष्ट्य नेमके उलटे आहे. तिच्यात झीज गृहीत धरलेली आहे आणि ती भरून काढण्यासाठी पट्टी दिलेली आहे. म्हणून बुलेटमध्ये पहिला प्रश्न ‘कोणता भाग खराब?’ हा नसून ‘कोणती जागा चुकली?’ हा असतो. कारागिराच्या कौशल्यात काही उणे नसते; एका घराण्याचे शहाणपण दुसऱ्या घराण्याला लावल्यामुळे चूक होते.

४. बिघाड कसा जन्मतो

गिअर-बदलाच्या बिघाडाची मुळे तीन : आघात, साचत जाणारी झीज आणि अपुरी पकड.

आघात समजायला सोपा. स्वार साधारण १० किलोचे बळ १५ सेंटीमीटर लांबीच्या लिव्हरवर देतो आणि यंत्रणा तेवढ्यासाठी बनवलेली असते. दीडशे किलोंहून जड गाडी उजव्या अंगावर दगडात पडली, की तीच लिव्हर कित्येक पट भार झेलते. लिव्हर वाकते हे डोळ्यांना दिसते. शाफ्ट किंचित वाकतो, त्याचे बुश लांबट होते, झाकणाला शाफ्टभोवती केसासारखी चीर जाते, हे दिसत नाही.

साचत जाणारी झीज फसवी असते. समजा, शाफ्टच्या मध्यापासून १५ मिलिमीटरवर असलेल्या एका जोडात अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई आली. लिव्हरच्या टोकाचे अंतर दहापट, म्हणजे १५० मिलिमीटर. टोकाशी तीच ढिलाई ५ मिलिमीटरची होते. असे दोन-तीन जोड ढिले झाले की पायाची निम्मी चाल ढिलाई भरण्यातच खर्च होते आणि रॅचेटला पुरती फेक मिळत नाही. एकही भाग ‘तुटलेला’ नसतो, तरी गिअर पडत नाही.

तिसरे मूळ सर्वांत महत्त्वाचे. रॅचेटची फेक अपुरी पडली की डॉगचे दाते एकमेकांत अर्धवट शिरतात. सगळा भार दात्यांच्या टोकांवर येतो आणि त्यांचे कोन गोलावतात. सरळ उभ्या कडांच्या दात्यांत बळ कडेला काटकोनात बसते, दाते सुटायचे कारण नसते. कड तिरकी झाली की त्याच बळाचा एक हिस्सा दात्यांना एकमेकांपासून दूर ढकलू लागतो. तेलात भिजलेल्या पोलादाचा घर्षणांक ०.१ च्या आसपास धरला तर कडेचा तिरकेपणा साधारण ६ अंशांपलीकडे गेल्यावर घर्षण त्या ढकलीला रोखू शकत नाही. मग प्लंजर आणि फोर्कवर भार येतो आणि गिअर निसटायला लागतो. निसटताना दाते एकमेकांवर आपटतात आणि आणखी गोलावतात. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

यातून निघणारा सिद्धान्त असा : सातव्या ठिकाणी दिसणाऱ्या नुकसानीचे कारण बहुधा दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या ठिकाणी असते. कारण तसेच ठेवून डॉग बदलले तर नवे डॉगही त्याच वाटेने जातात.

५. लक्षणांवरून वर्गीकरण

पाना हातात घेण्याआधी गाडी चालवून, आणि मालकाला नीट विचारून, लक्षण कोणत्या गटातले ते ठरवावे. या बुलेटमध्ये पहिला गिअर लिव्हर वर उचलून पडतो. दुसरा, तिसरा, चौथा खाली दाबून.

एकाच दिशेने अडचण येत असेल, म्हणजे चढते गिअर नीट पडतात पण उतरते पडत नाहीत, तर संशय समायोजनाच्या पट्टीवर. चौथ्यातून तिसऱ्यात किंवा तिसऱ्यातून दुसऱ्यात आल्यावर रॅचेट पुढचा दाता पकडत नाही, ही पट्टी सरकल्याची ठळक खूण आहे. पट्टी जागेवर असूनही दोष उरला तर त्या दिशेची रॅचेटची जीभ झिजली असे समजावे.

दोन्ही दिशांना अधूनमधून गिअर चुकत असेल तर संशय ढिलाईवर : लिव्हरची स्प्लाइन, शाफ्टचे बुश. जुन्या ग्रीसचाही विचार करावा. पूर्वी या गिअरबॉक्समध्ये ग्रीस भरण्याची रीत होती. वर्षानुवर्षे पडून राहिलेले ग्रीस मेणासारखे घट्ट होते आणि रॅचेटची जीभ त्यात रुतून बसते. थंडीच्या सकाळी गिअर चुकतो आणि दोन-चार किलोमीटर गेल्यावर सुधारतो, तेव्हा दोष लोखंडाचा नसून ग्रीसचा असतो.

लिव्हर दाबल्यावर मध्यावर परत येत नसेल तर परतीची स्प्रिंग तुटली आहे किंवा वाकलेला शाफ्ट बुशमध्ये घासतो आहे. हाताने लिव्हर हलवून पाहावी. सहज हलत असेल तर स्प्रिंग, जड लागत असेल तर शाफ्ट.

जोर दिल्यावर एकाच ठरावीक गिअरमधून गाडी निसटत असेल तर त्या गिअरचे डॉग किंवा फोर्क. सगळ्याच गिअरमधून निसटत असेल तर प्लंजरची स्प्रिंग थकली आहे किंवा पट्टीमुळे कोणताच गिअर पुरता पडत नाही.

शेवटचा गट फसवा. गिअर टाकताना खरखर होते, गाडी उभी असताना न्यूट्रल सापडत नाही, क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते. हा दोष गिअर-बदल यंत्रणेचा नव्हे. क्लच पूर्ण सुटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. क्लचची तार आणि आतल्या दांडीचे समायोजन आधी करावे, प्लेटा चिकटल्या असतील तर त्या सोडवाव्यात आणि मगच गिअरबॉक्सचा विचार करावा. ही पायरी गाळल्याने चांगली यंत्रणा उघडली जाते आणि मूळ दोष तसाच राहतो.

६. तपासणीचा क्रम : बाहेरून आत

बळ ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने तपासत जायचे. एक ठिकाण निर्दोष ठरल्याशिवाय पुढच्या ठिकाणाला हात लावायचा नाही.

सुरुवात लिव्हरपासून. लिव्हर हाताने वर-खाली हलवताना डोळा शाफ्टच्या टोकावर ठेवावा. लिव्हर हलते पण शाफ्ट हलत नाही, एवढी चाल स्प्लाइनने खाल्ली. लिव्हरच्या पकडीची फट पाहावी. ती फट पूर्ण मिटलेली असेल तर बोल्ट कितीही आवळला तरी लिव्हर शाफ्टला धरणार नाही, कारण आवळायला जागाच उरलेली नाही. खेडोपाडच्या बुलेटमध्ये हा दोष वारंवार आढळतो आणि त्याला लागते ते फक्त हॅकसॉ ब्लेड.

मग तेल. गिअरबॉक्सचे तेल पांढऱ्या फडक्यावर काढावे आणि त्यातून चुंबक फिरवावे. करड्या रंगाचा बारीक चिखल चुंबकाला चिकटला तर तो नेहमीच्या झिजेचा. चमकणारे पातळ पापुद्रे सापडले तर दात्यांचा कडक थर सुटतो आहे. टोकदार, धार असलेला तुकडा सापडला तर डॉगचा कोन तुटला आहे, आणि आतले झाकण उघडण्याला पर्याय नाही. चुंबकाला न चिकटणारे पिवळसर कण बुशचे असतात. झाकण न उघडता गिअरपेटीच्या आतले इतके सांगणारी दुसरी कोणतीही परीक्षा नाही.

यानंतर बाहेरचे झाकण. त्याआधी किक, गिअर लिव्हर, टाचेने चालणारी न्यूट्रल फाइंडरची लिव्हर आणि गिअरचा काटा काढावा. झाकण निघाले की रॅचेट, स्प्रिंग आणि पट्टी समोर येतात. आधी काहीही न धुता पाहावे. मळ कुठे घासला गेला आहे यावरून कोणता भाग कुठे अडतो ते कळते. मग रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, कापडाने पुसून, लिव्हर तात्पुरती बसवून यंत्रणा हाताने चालवून पाहावी. या वेळी मागचे चाक उचललेले असावे आणि दुसऱ्या माणसाने ते हळू फिरवत राहावे. हे महत्त्वाचे आहे. चाक थांबलेले असताना डॉगचे दाते समोरासमोर येऊन अडतात आणि निर्दोष यंत्रणेतही गिअर पडत नाही. उभ्या गाडीवर लिव्हर दाबून काढलेले निष्कर्ष म्हणून बाद समजावेत.

७. दुरुस्ती

लिव्हर. वाकलेली लिव्हर शाफ्टवर ठेवून ठोकू नये. प्रत्येक घाव बुश आणि रॅचेटपर्यंत जातो. ती काढून, तापवून, ऐरणीवर सरळ करावी. पकडीची फट मिटली असेल तर हॅकसॉ ब्लेड फिरवून ती रुंद करावी. शाफ्टच्या खाचांत लोखंडाचा भुगा दाबून बसला असेल तर तिकोनी कानशीने खाच मोकळी करावी. लिव्हरच्या आतल्या खाचा गेल्या असतील तर लिव्हर बदलावी. शाफ्टपेक्षा ती केव्हाही स्वस्त पडते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. लिव्हर शाफ्टला वेल्डिंग करून टाकण्याची पद्धत चुकीची आहे. लिव्हर काढल्याशिवाय बाहेरचे झाकण निघत नाही. वेल्डिंग केलेल्या गाडीत पुढे साधी स्प्रिंग बदलायची झाली तरी आधी लिव्हर कापावी लागते, आणि बऱ्याचदा शाफ्टही हातचा जातो. वेल्डिंगच्या उष्णतेने ऑइल सील जळते ते वेगळेच. पाच मिनिटांचा हा उपाय पुढच्या प्रत्येक दुरुस्तीची वाट बंद करतो.

शाफ्ट आणि बुश. शाफ्ट काचेच्या सपाट तुकड्यावर फिरवून पाहावा; वाकलेला असेल तर खाली फट उघडमीट होताना दिसते. लांबट झालेले बुश लेथवर नवे करून घेता येते. झाकणाची चीर भरायला आर्गन वेल्डिंग करावे. एम-सीलने गळणारे तेल थांबते, पण शाफ्टवर येणारे बळ त्याला पेलत नाही. घरी पोहोचण्यापुरताच त्याचा उपयोग.

रॅचेट. जिभेचे टोक आणि दाते यांवर कडक पोलादाचा पातळ थर असतो. टोकाची किरकोळ गोलाई तेलाच्या दगडावर घासून काढता येते. ग्राइंडरला मात्र हात लावू नये. थर उडाला की आतले मऊ पोलाद उघडे पडते आणि थोड्या दिवसांत पूर्वीपेक्षा जास्त झिजते. स्पष्ट गोलावलेली जीभ बदलावी.

स्प्रिंग. तुटलेली किंवा थकलेली स्प्रिंग त्याच जाडीच्या तारेची नवी घालावी. जुनी स्प्रिंग ताणून लांब करणे म्हणजे तुटण्याची तारीख पुढे ढकलणे. जाड तारेची स्प्रिंगही घालू नये. तिने लिव्हर जड होते, पायाला गिअरचा अंदाज लागत नाही आणि स्वार जास्त जोर लावून रॅचेटच खराब करतो.

पट्टी. हे या यंत्रणेतले सर्वांत नाजूक आणि सर्वांत फलदायी काम. गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ठेवावी. लिव्हर हळू वर न्यावी आणि जीभ दात्याला कुठे टेकते ते पाहावे. मग खाली न्यावी आणि तेच पाहावे. दोन्ही दिशांची मोकळी चाल जवळजवळ सारखी असली पाहिजे. नसेल तर पट्टीचे दोन नट फक्त सैल करावेत, पट्टी अगदी थोडी सरकवावी, आवळावे आणि पुन्हा पाहावे. एकदम जास्त सरकवली तर एका दिशेचा दोष जाऊन दुसऱ्या दिशेचा उभा राहतो. नट पुरते आवळल्यावर शेवटची परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण आवळतानाही पट्टी केसभर हलते.

फोर्क आणि डॉग. चुंबकाने किंवा लक्षणांनी इशारा दिला असेल तरच आतले झाकण उघडावे. फोर्कच्या दोन्ही टोकांवरची झीज ताडून पाहावी. एका बाजूलाच चमक असेल तर फोर्क वाकला आहे. डॉगच्या कडेवरून नख फिरवावे. धारदार काठ नखाला अडतो, गोलावलेल्या काठावरून नख घसरते. घसरणारे डॉग समोरासमोरच्या जोडीसकट बदलावेत. जुना डॉग नव्याला लवकर खातो. वेल्डिंगने भरून कानशीने घडवलेला डॉग या ठिकाणी टिकत नाही, कारण तिथे लागणारा कडकपणा त्याला देता येत नाही.

प्लंजर त्याच्या भोकात बोटाने दाबला की सहज आत-बाहेर व्हावा. त्याचे टोक चपटे झाले असेल किंवा स्प्रिंगमध्ये जोर नसेल तर दोन्ही बदलावीत. स्वस्त भाग आहे, पण सगळे गिअर जागेवर राहतात ते त्याच्याच भरवशावर.

८. जुळणी आणि चाचणी

पॅकिंग घरी कापायचे असेल तर जुन्याइतक्याच जाडीच्या कागदाचे कापावे. आतल्या झाकणाखाली जाड पुठ्ठा घातला की शाफ्टला आडवी मोकळीक वाढते आणि डॉगची पकड तेवढ्याने कमी होते. झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. जुने ग्रीस पूर्ण काढले असेल आणि ऑइल सील चांगली असेल तर ९० नंबरचे गिअर ऑइल भरावे. त्यात रॅचेटची जीभ मोकळी राहते.

पहिली चाचणी स्टँडवर. मागचे चाक हाताने फिरवत पहिल्यापासून चौथ्यापर्यंत आणि परत यावे, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी लिव्हर मध्यावर परत आली पाहिजे. मग न्यूट्रल फाइंडर तपासावा. टाचेची ही लिव्हर दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमधून थेट न्यूट्रलला आणते; पहिल्यातून आणत नाही आणि तो तिचा दोष नव्हे.

दुसरी चाचणी सपाट रस्त्यावर, हलक्या हाताने. तिसरी चढावर. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर द्यावा, मग थ्रॉटल एकदम सोडावा, पुन्हा द्यावा. भाराची दिशा अशी पालटते तेव्हाच गोलावलेले डॉग उघडे पडतात. चौथी आणि शेवटची चाचणी उतारावर, रिकाम्या रस्त्यावर आणि कमी वेगात : तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना गिअर पुरता पडतो की मध्येच फॉल्स न्यूट्रल लागते?

ही शेवटची चाचणी ऐच्छिक नाही. देवगोईसारख्या घाटात उतरताना स्वार इंजिनाच्या रोखणुकीवर विसंबलेला असतो. दोन गिअरच्या मध्ये यंत्रणा अडकली तर ती रोखणूक त्याच क्षणी नाहीशी होते आणि जड गाडीचा सगळा भार जुन्या ड्रम ब्रेकवर येतो. मागे बसलेले माणूस आणि डिकीतले सामान धरले तर त्या ब्रेकची परीक्षा वळणावर पाहायची नसते. फॉल्स न्यूट्रल ही ‘बुलेटची सवय’ म्हणून सोडून देण्याची बाब नव्हे. तो दोष आहे आणि दूर होतो.

९. निष्कर्ष

एक, या यंत्रणेतला बिघाड जिथे जाणवतो तिथे बहुधा जन्मलेला नसतो; तो बळाच्या वाटेवर आधीच्या एखाद्या ठिकाणी असतो. दोन, म्हणून तपासणी बाहेरून आत, क्लचपासून डॉगपर्यंत, एकही पायरी न गाळता करावी. तीन, समायोजनाने जाणारा दोष भाग बदलून घालवू नये, आणि भाग बदलल्यावर समायोजन न करता झाकण लावू नये. चार, पुढची दुरुस्ती अशक्य करणारा उपाय, मग तो कितीही स्वस्त असो, उपाय मानू नये.

बुलेट सत्तर वर्षांहून अधिक काळ आपल्या रस्त्यांवर टिकली ती न बिघडण्यामुळे नव्हे, तर ज्याच्याकडे थोडी अवजारे आणि थोडे धैर्य आहे अशा कोणालाही ती दुरुस्त करता येते म्हणून. खापर, मोलगी, तळोदा, शहादा या पट्ट्यातल्या गॅरेजांत हे काम करणारे हात आहेत. नवी मुले ड्रमच्या गाड्यांवर तयार होत असताना जुन्या मिस्त्रींनी त्यांना एकदा तरी बुलेटचे बाहेरचे झाकण उघडून पट्टी कशी लावायची ते दाखवावे. आणि गाडीच्या मालकांना विनंती एवढीच : चुंबक तेलातून फिरवल्याशिवाय आणि पट्टी तपासल्याशिवाय ‘गिअरबॉक्स गेला’ हा निकाल कोणाकडूनही मान्य करू नका.